संगणकाला डिस्क दिसत नाही तेव्हा

मी संध्याकाळी ज्या मुद्रणालयात अक्षरजुळणी करतो, तेथे जुन्या फाँटमधील लग्नपत्रिकांचा मोठा साठा आहे. तो उघडणारा प्रोग्रॅम फक्त विंडोज एक्सपीवर चालतो. ऐन लग्नसराईत तेथला संगणक बंद पडला. एक जुना लॅपटॉप आणून एक्सपीची सीडी घातली, तर पडद्यावर सूचना आली की हार्ड डिस्क सापडली नाही. डिस्क तर आत होती! मालकांनी माझ्याकडे पाहिले. तेथे कॉलेजात जाणारा मी एकटाच.

त्याचे कारण असे. एक्सपी २००१ साली आली. सीरियल एटीए डिस्क तिच्यानंतर रूढ झाल्या आणि त्यांच्याशी व्यवहार करण्याची एएचसीआय ही पद्धत २००४ ची. डिस्कच्या नियंत्रकाशी बोलायला दुभाषा लागतो, तोच ड्रायव्हर. इतर ड्रायव्हर मागाहून घालता येतात. डिस्कचा मात्र आधीच हवा, कारण एक्सपी बसायची ती डिस्कवरच. पेटीची किल्ली पेटीत राहावी, तसा हा प्रकार!

आरंभी क्षणभर एफ६ दाबण्याची सूचना येते, पण मग ड्रायव्हर मागितला जातो तो फ्लॉपीवर. ती आता कोठून आणावी? बायॉसमध्ये एएचसीआयऐवजी आयडीई निवडले तर पुष्कळदा काम भागते. आमच्या लॅपटॉपात तो पर्यायच नव्हता.

मग ड्रायव्हर सीडीतच मिसळणे आले. मी आधी ड्रायव्हरचे फोल्डर सीडीवर नुसते उतरवले. उपयोग शून्य. आय३८६ फोल्डरमध्ये टीएक्सटीसेटअप.एसआयएफ ही यादी असते; तीत नोंद असेल त्यालाच पहिल्या टप्प्यात प्रवेश. एनलाइट हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम ही नोंद करून देतो. सीडीवरचे सारे दुसऱ्या संगणकावर उतरवावे, एनलाइटला ते फोल्डर दाखवावे, ३२ बिटच्या ड्रायव्हरची आयएनएफ फाइल निवडावी आणि तो ‘टेक्स्टमोड’ म्हणून घालावा. मग नियंत्रकांची यादी येते, आणि येथेच घात होतो. इंटेलच्या आयसीएच९ कुळात टेबलावरच्या संगणकाचा ‘आर’ आणि लॅपटॉपचा ‘एम’ हे सख्खे भाऊ शोभतात. मी ‘आर’ निवडला. निळा पडदा ७बी हा आकडा दाखवून थांबला.

शेवटी बूट होणारी आयएसओ फाइल बनवून ती सीडीवर उतरवायची. तिसऱ्या सीडीने डिस्क दाखवली. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली असल्याने त्या लॅपटॉपला इंटरनेट जोडलेले नाही. वाया गेलेल्या दोन सीड्यांचे पैसे मालकांनी कापले नाहीत.