अडॅप्टरमधली दुसरी वाट
देवळाली प्रवरा-राहुरीकडच्या दुरुस्तीवाल्या मंडळींनो, राउटरच्या फ्लायबॅक अडॅप्टरमध्ये (आधी प्लग काढा, मोठा कपॅसिटर डिस्चार्ज करा!) आउटपुटकडे बहुधा टीएल ४३१ असतो. तो आउटपुटचा हिस्सा स्वतःच्या सुमारे २.५ व्होल्टशी ताडतो आणि ऑप्टोकपलरच्या उजेडातून पलीकडच्या कंट्रोलरला निरोप देतो. निरोप घाईचा झाला तर व्होल्टेज झुलतं, संथ झाला तर लोड वाढताच खचतं. हा वेग मुख्यतः ठरवतो टीएल ४३१च्या कॅथोड आणि रेफरन्स पिनांमधला कपॅसिटर.

गंमत पुढे आहे. ऑप्टोच्या एलईडीचा रेझिस्टर थेट आउटपुटला जोडलेला असेल, तर झपाट्याचे बदल कपॅसिटरला वळसा घालून तिथूनच जातात. म्हणून नुसता कपॅसिटर वाढवून भागत नाही, तो रेझिस्टरही बघा. जुन्या अडॅप्टरमध्ये मात्र माझा पहिला संशय आउटपुटच्या फुगलेल्या इलेक्ट्रोलिटिकवर. त्याचा ईएसआर (आतला रोध) वाढला की या निरोपाच्या लूपचं गणितच बदलतं.