आपली पत, दुसऱ्याच्या वहीत

नोएडा एक्स्टेन्शनमधील एका सदनिकेसाठी पन्नास लाखांचे गृहकर्ज मागावयास गेलेला माझा पुतण्या बँकेतून परत आला, तेव्हा त्याच्या हाती मंजुरीचे पत्र नव्हते. अकरा पानांचा एक अहवाल तेवढा होता. गुरुग्राममध्ये चांगल्या पगाराची नोकरी, वय एकोणतीस, डोक्यावर कोणाचे एका पैशाचे देणे नाही, अशा माणसाला कर्ज मिळेल खरे, पण ते वरच्या व्याजदराने मिळेल, असे त्याला तेथे सौजन्याने सांगण्यात आले होते. ‘‘काका, मी आजवर कर्ज घेतलंच कुठं? ही तर नुसती कार्डं आहेत,’’ असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. आणि त्याच्या त्या एका वाक्यातच, मला वाटते, या सबंध प्रकरणाची मेख होती.

केंद्र सरकारच्या लेखाखात्यात माझी हयात गेली असल्यामुळे कागद समोर आला की आकड्यांवर बोट ठेवून वाचावयाचे, ही सवय अंगात मुरलेली आहे. जेवणाच्या टेबलावर आम्ही तो अहवाल पसरला. प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे लहान लहान चौकोन असतात आणि त्या त्या महिन्यात देणे किती दिवस थकले तो आकडा त्यांत लिहिलेला असतो. वेळेवर भरणा झाला असेल तर तीन शून्ये. पुतण्याच्या अहवालात पानामागून पाने शून्यांचीच होती. मात्र एका कार्डाच्या ओळीत शून्यांची ती रांग एकाएकी तुटून ‘०२९’ आणि पुढच्या चौकोनात ‘०५९’ असे आकडे उमटले होते. शेवटच्या पानांवर, कोणकोणत्या बँकांनी त्याच्याविषयी चौकशी केली त्याची यादी होती, आणि तीत अवघ्या दहा आठवड्यांत सहा नोंदी झाल्या होत्या. मागील वर्षी ७८१ असलेला त्याच्या पतीचा गुणांक, म्हणजे क्रेडिट स्कोअर, ७२४ वर आलेला होता.

या सहा नोंदी म्हणजे सहा कार्डांसाठी केलेले अर्ज. ती कार्डे त्याने उधळपट्टीसाठी मागितली नव्हती, हे मी येथे आग्रहाने नमूद करतो. पुण्याला आईवडिलांकडे जाताना तिसऱ्या टर्मिनलच्या लाउंजमध्ये बसता यावे म्हणून एक, पेट्रोलवरील अधिभार माफ व्हावा म्हणून दुसरे, वाणसामान मागविताना काही टक्के परत यावेत म्हणून तिसरे, अशी त्याची आखणी होती. आणि जो माणूस आपल्या खर्चाचा असा बारकाईने विचार करतो, त्याला मी काटकसरी म्हणेन. शिवाय राजधानीच्या या परिसरात कार्डाचे आमंत्रण सतत समोर येते. एसबीआय कार्ड ही १९९८ साली स्थापन झालेली कंपनी आपला कारभार गुरुग्राममधून चालविते, अमेरिकन एक्स्प्रेसचे भारतातील मुख्य ठाणेही तेथेच आहे, आणि मॉलच्या दारात टेबल मांडून बसलेले तरुण विक्रेते, ज्यांची मिळकत भरून घेतलेल्या अर्जांच्या संख्येवर ठरते, येणाऱ्याजाणाऱ्याला ‘लाइफटाइम फ्री’ म्हणून हाक मारीत असतात. एका संध्याकाळी तीन विक्रेत्यांच्या फोनवर ओटीपी सांगणे म्हणजे आपले दप्तर उघडून पाहण्याची परवानगी तीन सावकारांना देणे आहे, हे त्या गर्दीत कोणाच्या ध्यानी येत नाही.

हे दप्तर कोण राखते, ते सांगितले पाहिजे. ज्या संस्थेच्या नावावरून आपण सर्रास ‘सिबिल’ म्हणतो, ती २००० साली मुंबईत स्थापन झाली. २००५ साली संसदेने या व्यवसायासाठी स्वतंत्र कायदा केला, आणि आज ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने हे काम करितात. बँका आपल्या प्रत्येक ऋणकोची माहिती या चौघींकडे पाठवितात. पूर्वी ती महिन्यातून एकदा जाई, १ जानेवारी २०२५ पासून ती दर पंधरवड्याला जाऊ लागली. या माहितीवरून ३०० ते ९०० यांमधील एक आकडा काढला जातो. ७५० च्या वरचा आकडा सामान्यतः चांगला समजतात. पण अमुक आकड्याखाली कर्ज देऊच नये असा कोणताही कायदा नाही, प्रत्येक बँकेचे धोरण निराळे असते.

आकडा नेमका कोणत्या सूत्राने निघतो ते या कंपन्या पुरतेपणी उघड करीत नाहीत; परंतु त्याचे मुख्य घटक सर्वविदित आहेत, आणि अनेक कार्डे बाळगणाऱ्याने ते समजून घ्यावेत. सर्वांत मोठे वजन वेळेवर भरणा करण्यास आहे. त्याखालोखाल, मिळालेल्या मर्यादेपैकी किती उचल केली आहे हे पाहिले जाते. पन्नास हजारांची लिमिट असलेल्या एकाच कार्डावर दरमहा चाळीस हजार खर्च करणारा मनुष्य, त्याने पै न पै फेडली तरी, मर्यादेच्या काठावर उभा असलेला दिसतो, आणि तोच खर्च तीन लाखांच्या एकूण लिमिटमध्ये विभागला की उचल तेरा-चौदा टक्क्यांवर येते. ती तीस टक्क्यांच्या आत असावी, असा संकेत आहे. म्हणजे एकाहून अधिक कार्डे असणे हे स्वतःच पतीला घातक आहे, ही समजूत खरी नव्हे. शिस्तीने वापरली तर ती साह्यकारीच ठरतात. घातक असते ती घाई. प्रत्येक अर्जाबरोबर एक चौकशी नोंदली जाते, प्रत्येक नवे खाते आपल्या खात्यांचे सरासरी वय कमी करिते, आणि दहा आठवड्यांत सहा दारे ठोठावणारा माणूस पैशाच्या अडचणीत असावा, असा तर्क आपला चेहरा कधी न पाहिलेले ते यंत्र करिते. आपला अहवाल आपणच मागवून पाहिला तर मात्र गुण कमी होत नाहीत. या भीतीने कित्येक लोक तो पाहतच नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

आता पॉइंटांचा हिशेब. शंभर रुपयांच्या खर्चाला दोन पॉइंट आणि पॉइंटाची किंमत पंचवीस पैसे, असे जेव्हा असते, तेव्हा लाभ अर्धा टक्का. पॉइंटाला पन्नास पैसे मिळाले तर एक टक्का. साठ हजारांच्या बिलावर या दुसऱ्या दराने सहाशे रुपये पदरात पडले. समजा, त्या महिन्यात अडचण आली आणि ‘मिनिमम ड्यू’ म्हणून पाच टक्के, म्हणजे तीन हजार रुपये, भरले. उरलेल्या सत्तावन्न हजारांवर दरमहा साडेतीन टक्क्यांनी व्याज १,९९५ रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी ३५९ रुपये. भरलेल्या तीन हजारांपैकी मुद्दलात अवघे ६४६ रुपये वळते झाले, आणि बाकी पुरती फिटेपर्यंत नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चालू झाले, ते वेगळेच. पॉइंटांचे सहाशे रुपये या एका महिन्याच्या व्याज व कराच्या चौथाईएवढे आहेत. इतके असूनही ‘मिनिमम ड्यू’ भरणाऱ्याच्या अहवालात तीन शून्येच उमटतात. म्हणजे गुणांक शाबूत राहतो आणि घर आतून पोखरले जाते, आणि म्हणून नुसत्या गुणांकावर नजर ठेवणाऱ्यास या बाबतीत सावध करणारे कोणी उरत नाही.

या व्याजाला काही सीमा असावी, हा विचार आपल्याकडे नवा नाही. थकलेले व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येणार नाही, हा दामदुप्पटीचा नियम धर्मशास्त्रातून आला आणि जुन्या मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीही तो मानला. कार्डांच्या बाबतीत हा प्रश्न दिल्लीतच लढविला गेला. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ साली, वेळेवर बिल न भरणाऱ्या कार्डधारकाकडून वर्षाला तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय दिला. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि २० डिसेंबर २०२४ रोजी त्या न्यायालयाने, दर ठरविणे हा आयोगाच्या अधिकारातला विषय नव्हे, असे म्हणून तो निर्णय रद्द केला. कायद्याच्या दृष्टीने तसे असेलही. परंतु ज्या देशात दहा कोटींहून अधिक कार्डे चलनात आहेत, तेथे या दराला कमाल मर्यादा घालण्याचे काम कोणीतरी अंगावर घ्यावयास हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट, वही पाहण्याचा हक्क. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जखतांवर होता. ती हिसकावून जाळण्यात आली, कारण आपल्या नावे त्यांत काय लिहिले आहे हे शेतकऱ्यास ना वाचता येत होते, ना विचारता. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने ऋणकोला पावती मागण्याचा आणि सावकाराकडून वर्षाचा लेखी हिशेब घेण्याचा हक्क दिला. २०१७ पासून चारही कंपन्यांकडून प्रत्येकी वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळविण्याचा जो हक्क आपणांस आहे, तो मला त्याच कुळातला वाटतो. तक्रार केल्यापासून तीस दिवसांत चूक दुरुस्त झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसास शंभर रुपये भरपाई, हा नियम २०२४ च्या एप्रिलपासून अमलात आहे. आणि या कंपन्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागण्याची सोय १ सप्टेंबर २०२२ पासून झाली आहे. दिल्लीत संसद मार्गावर रिझर्व्ह बँकेच्या दाराशी रामकिंकर बैज यांनी घडविलेले प्रचंड यक्ष आणि यक्षी उभे आहेत. यक्षाच्या हाती द्रव्याची थैली आहे. नोकरीच्या दिवसांत मी त्यांच्यासमोरून असंख्य वेळा गेलो, आणि कुबेराचा हा सेवक धन राखतो तसे धनाच्या नोंदीही कोणीतरी राखल्या पाहिजेत, असे तेव्हा मनात येई.

पुतण्याच्या अहवालाची रुजवात घालताना दोन गोष्टी हाती लागल्या. हप्त्यांवर घेऊन तीन वर्षांपूर्वी फेडून टाकलेल्या मोबाइलचे कर्ज अजून चालू दाखविले होते. त्यावर कर्ज फिटल्याच्या पत्रासह तक्रार नोंदविली, आणि मुदतीच्या आत ती नोंद बंद झाली. दुसरी गोष्ट त्या ‘०५९’ ची. बूट घेताना मॉलमध्ये काढलेले ते कार्ड त्याने त्या दिवशी एकदाच वापरले व खणात टाकले. विक्रेत्याने ते कायमचे मोफत म्हणून दिले होते, पण अर्जाच्या प्रतीत, बारीक अक्षरांत, पहिल्या वर्षापुरते मोफत असे होते, आणि दुसऱ्या वर्षीची फी, पाचशे रुपये अधिक नव्वद रुपये कर, दोन महिने थकली होती. बिले येत होती ती जुन्या ईमेलवर. पाचशे नव्वद रुपये! ही नोंद खरी असल्यामुळे ती पुसून मागण्याचा आम्हांस हक्क नव्हता. छत्तीस महिन्यांचा इतिहास अहवालात दिसतो. तोवर ती तेथे राहणार. आम्ही दंडासह पूर्ण रक्कम भरली. तडजोड करून थोडक्यात मिटविण्याचा मार्ग घेतला असता तर ‘सेटल्ड’ असा शेरा पडला असता, आणि तो थकबाकीपेक्षाही वाईट. मग ते कार्ड बंद करण्याचा अर्ज दिला. बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने ते बंद करावयास हवे, एरवी दिवसाला पाचशे रुपये दंड, असे रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे निर्देश सांगतात.

गृहकर्ज मात्र आम्ही लगेच घेतले नाही. पन्नास लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जावर साडेआठ टक्क्यांनी हप्ता ४३,३९१ रुपये आणि नऊ टक्क्यांनी ४४,९८६ रुपये. अर्ध्या टक्क्याचा हा फरक दरमहा १,५९५ रुपयांचा, म्हणजे मुदतीअखेर तीन लाख ऐंशी हजारांवर जातो, आणि कोणत्याही लाउंजमधील जेवणे या रकमेची भरपाई करू शकत नाहीत. घर घ्यावयाचे असेल तर आधीचे निदान सहा महिने एकाही नव्या कार्डाचा अर्ज करू नये. एरवीही दोन अर्जांत तितकेच अंतर ठेवावे. आणि सर्वांत जुने कार्ड, त्याचे पॉइंट कितीही कमी असोत, फी नसेल तर चालू ठेवावे, हे त्याने त्या दिवशी मान्य केले.

आठ महिन्यांनी तो पुन्हा आला तेव्हा त्याच्याजवळ पुठ्ठ्याच्या बांधणीची एक वही होती. सहापैकी जी चार कार्डे हाती आली होती, त्यांपैकी त्याने दोन ठेवली होती, आणि तिसरे होते ते कॉलेज संपल्यावर मुदतठेवीच्या तारणावर मिळालेले, अवघ्या वीस हजारांच्या लिमिटचे. प्रत्येकासाठी एक पान: बिल निघण्याची तारीख, भरण्याची तारीख, वार्षिक फी, ती माफ होण्यासाठी लागणारा खर्च, आणि समोर त्याच्या हस्ताक्षरात दर महिन्याच्या भरण्याची नोंद. नवीन अहवालावर ७६२ होते. मी वही चाळीत असता त्याने खिशातून पेन काढून मागच्या पानावर आणखी एक मथळा लिहिला, ‘गृहकर्ज’, आणि पहिल्या हप्त्याची तारीख विचारावयास बँकेत फोन लावला.