मुका कर्णा व खरखरणारें बटण

आमच्या शाळेच्या संगीतवर्गांत एक जुना स्टीरिओ अँप्लिफायर आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका माजी विद्यार्थ्यानें अर्जुनी-मोरगांव तालुक्यांतील मंडईंत दोन मायक्रोफोन ठेवून दंडारीचें ध्वनिमुद्रण केलें होतें. त्याची कॅसेट आम्ही या यंत्रावर ऐकत असूं. डावा मायक्रोफोन वृद्ध गायकापुढें व उजवा ढोलकीजवळ होता. गतवर्षीं पावसाळा सरल्यावर कॅसेट लावली, तों ढोलकी व झांजा खणखणीत वाजल्या. गायकाचा आवाज मात्र शेतापलीकडून कोणीं हांक मारावी तसा अंधुक! डावा कर्णा अगदीं मुका झाला होता. शिवाय आवाजाचें बटण फिरवितांना कढईंत लाह्या फुटाव्या तशी खरखर होई. बाजारांतील एका दुकानदारानें यंत्र पाहतांच भंगारांत काढण्याचा सल्ला दिला. तो गायक आतां हयात नाहीं व कॅसेटची दुसरी प्रतही नव्हती. म्हणून आम्हीं थोडा शोध करावयाचें ठरविलें.

वाचकहो, स्टीरिओची मूळ कल्पना सोपी आहे. आपणांस दोन कान आहेत. म्हणून आवाज कोणत्या बाजूनें आला हें डोळे मिटूनही समजतें. अॅलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनिअरानें 1931 सालीं या तत्त्वावरील पेटंटासाठीं अर्ज केला. चित्रपटांत नट पडद्याच्या एका कडेला आणि आवाज भलतीकडे, हें त्यास खटकलें, असें सांगतात. तेव्हां स्टीरिओ यंत्र म्हणजे एका पेटींत नांदणारीं दोन जुळीं यंत्रें होत. आणि येथेंच दुरुस्ती करणाराची सोय आहे: एक भाऊ आजारी पडला तर दुसरा निरोगी भाऊ तुलनेस शेजारींच उभा असतो.

प्रथम साध्या गोष्टी पाहाव्या. डावी-उजवी बाजू तोलणारें बॅलन्सचें बटण मध्यावर आहे काय? कर्ण्यांची तार निसटली नाहीं ना? आमच्याकडे सर्व ठीक होतें. मग यंत्र बंद करून कॅसेट-प्लेअरकडून येणाऱ्या दोन तारांची आम्हीं अदलाबदल केली. मुकेपणा उजव्या बाजूस गेला असता, तर दोष प्लेअरमध्यें किंवा तारेंत ठरला असता. तो डावीकडेच राहिला. पुन्हा यंत्र बंद करून कर्णे बदलले. डावा कर्णा उजव्या जागीं उत्तम बोलूं लागला व उजवा डाव्या जागीं मुका झाला. म्हणजे कर्णा निर्दोष. दोष पेटीच्या आंत. हें दोन अदलाबदलींत कळलें, आणि पेंचकसाला हातही लावावा लागला नाहीं. कर्ण्याच्या तारांचीं टोकें एकमेकांस चिकटूं देऊं नयेत एवढें मात्र सांभाळावें. नाहींतर चांगली बाजूही जळेल.

पुढें दोन खुणा सांपडल्या. हेडफोन लावला तर दोन्ही बाजू ऐकूं येत. आणि आवाज बराच वाढविला कीं मुका कर्णा एकाएकीं बोलूं लागे, कमी केला कीं पुन्हा गप्प. यंत्र सुरू केल्यावर कांहीं क्षणांनीं आंत ‘कट्’ असा आवाज होतो, तो रिलेचा. बिघाड झाल्यास कर्णे जळूं नयेत म्हणून ठेवलेला तो दारवानच होय. त्याच्या चांदीच्या टोकांवर काळपट पापुद्रा धरतो. क्षीण प्रवाह त्या पापुद्र्यास अडतो, जोरकस प्रवाह तो भेदून जातो. आमच्या यंत्रांत हेडफोनची वाट रिलेच्या अलीकडून फुटते, म्हणून तेथें आवाज शाबूत होता. सर्वच यंत्रांत अशी रचना नसते.

विद्यार्थ्यांनो, येथें थांबावें. घरांतील वीज 230 व्होल्टची आहे, आणि प्लग काढल्यावरही आंतील मोठ्या कपॅसिटरांत वीज कांहीं काळ दबा धरून राहते. झांकण जाणत्या कारागिरानेंच उघडावें. आम्हींही तसेंच केलें; त्यानें रिले बदलला.

आतां खरखर. बटणाच्या आंत घोड्याच्या नालासारखा कार्बनचा पट्टा असतो व त्यावर धातूची जीभ सरकते. स्टीरिओंत एकाच दांड्यावर असे दोन पट्टे असतात. पट्ट्यावर धूळ बसली कीं जिभेचा स्पर्श क्षणोक्षणीं तुटतो, आणि तें तुटणें म्हणजेच खरखर. कधीं तो स्पर्श पुरता सुटून एक बाजूच मुकी होते. बटण हालवितांच आवाज परतला तर दोष तेथेंच समजावा. भाताच्या गिरण्यांच्या या गोंदिया जिल्ह्यांत कोंड्याच्या बारीक धुळीस तोटा नाहीं, आणि पावसाळ्याची ओल तिला घट्ट बसविते. उपाय सोपा: यंत्राचा प्लग काढून, बटणाच्या मागील फटींतून विद्युत् उपकरणांसाठीं मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडा फवारावा, बटण या टोंकापासून त्या टोंकापर्यंत वीस-पंचवीस वेळां फिरवावें व पूर्ण वाळूं द्यावें. खोबरेल तेल घालणारे महाभाग आम्हीं पाहिले आहेत. तेल धुळीस आमंत्रण देतें. साफ करूनही लगेच खरखर राहिली, तर पट्टा झिजला असेल, किंवा एखादा कपॅसिटर गळून बटणांत एकदिश प्रवाह शिरत असेल. तें मीटरानें तपासावें लागतें.

नंतर कॅसेट लावली. डावा कर्णा बोलूं लागला. गाण्यास आरंभ करण्यापूर्वीं गायक खांकरला, तेंही स्पष्ट ऐकूं आलें. त्याच दिवशीं आम्हीं कॅसेटच्या दोन प्रती काढून ठेविल्या. बटण मात्र नेहमींच्या खुणेपाशीं अजून किंचित् खरखरतें. रोज तेथेंच ठेविल्यानें तेथला कार्बन झिजला आहे. तें या वर्षीं बदलावयाचें आहे.