नर्मदेची बोट आणि तोरणमाळची वाट : जोडसफरीचा हिशेब

दुकान चार दिवस बंद ठेवून कुटुंबाला घेऊन जायचे तर एकाच खेपेत पाणीही पाहावे आणि डोंगरही पाहावा, असे प्रत्येकाला वाटते. आपल्या खानदेशाच्या उत्तर टोकाला ही सोय अल्लाहने दिलेली आहे. सातपुड्याच्या पलीकडे नर्मदा आहे आणि सातपुड्याच्या माथ्यावर तोरणमाळ आहे. धुळे, मालेगाव, सुरत या बाजूंचे पुष्कळ व्यापारी आता धडगाव तालुक्यात भुषा गावाजवळ नर्मदेच्या पाण्यावर बोटीतून फिरायला जातात. परंतु बोटीला जोडून जमिनीवरची कोणती सफर घ्यावी, ती आधी घ्यावी की नंतर, किती दिवसांची घ्यावी, याबाबत आम्हाला वरचेवर विचारणा होते. कपड्याच्या धंद्यानिमित्त या मुलखात आमचे येणे-जाणे आहे, म्हणून हा हिशेब व्यापारी बंधूंपुढे मांडत आहोत.

प्रथम मुलूख समजून घ्यावा. नर्मदा अमरकंटकला उगम पावून सुमारे १३१२ किलोमीटर वाहते. त्यातील जेमतेम ५४ किलोमीटर महाराष्ट्राच्या सीमेवरून जातात आणि ते सर्व नंदुरबार जिल्ह्यात येतात. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. आज आपण जिथे बोटीत बसतो ते मोकळ्या वाहत्या नदीचे पाणी नाही. ते गुजरातेतील सरदार सरोवर धरणाचे मागे साठलेले पाणी आहे. या धरणाची उंची १३८.६८ मीटर आहे, आणि धरण पूर्ण भरले की पाण्याचा फुगवटा मागे २०० किलोमीटरहून अधिक पसरतो. त्यामुळेच अरुंद दरीत आज रुंद, शांत पाणी दिसते आणि दोन्ही बाजूंनी डोंगर उभे राहतात. देखावा सुंदर आहे यात शंका नाही. परंतु या पाण्याखाली माणसांची शेते आणि घरे गेलेली आहेत, हेही ध्यानात ठेवावे. महाराष्ट्रातील ३३ आदिवासी गावांना या धरणाची झळ लागली, आणि मणिबेलीचे नाव तर त्या काळी वर्तमानपत्रांतून देशभर गेले होते.

आता जोडसफरीचा पहिला नियम. पाण्याची वाट कोठे संपते ते आधी पाहावे. जगात या धंद्याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतील अलास्काचे आहे. तेथे मे ते सप्टेंबर मोठमोठी जहाजे बर्फाच्या नद्या आणि निर्जन किनारे दाखवीत फिरतात. काही जहाजे कॅनडातील व्हँकुव्हरहून निघून उत्तरेला सेवर्ड किंवा व्हिटियर बंदरात सफर संपवितात. तेथून प्रवासी रेल्वेने किंवा बसने आत डेनाली या ६,१९० मीटर उंच पर्वताकडे आणि पुढे फेअरबँक्सला जातात. याउलट सिएटलहून निघालेले जहाज बहुधा फिरून सिएटललाच परत येते. पहिल्या जातीच्या जहाजाला जमिनीची सफर आपोआप जोडली जाते. दुसऱ्या जातीत मात्र ती वेगळा खर्च करूनच जोडावी लागते. तिकीट स्वस्त दिसले म्हणून दुसरे घेतले आणि मग डेनालीचे विमानभाडे भरले, तर वाचलेले पैसे तिथेच जातात. ज्यांची मुले तिकडे नोकरीला आहेत आणि आईवडिलांना बोलावतात, त्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. व्हँकुव्हरमार्गे जाणाऱ्यास अमेरिकेच्या व्हिसाखेरीज कॅनडाचाही व्हिसा लागतो. सिएटलची जहाजेसुद्धा बहुधा वाटेत कॅनडातील एखाद्या बंदराला लागतात, त्यामुळे तेथेही हीच चौकशी आधी करावी.

आपल्याकडे भुषाची बोट ज्या काठावरून निघते त्याच काठावर परत येते. म्हणजे बोटीमुळे आपण पुढच्या गावी पोहोचत नाही. याचा फायदा असा की जमिनीची सफर आपल्या मर्जीने आधी किंवा नंतर ठेवता येते. तोटा असा की धडगावपर्यंतचा घाटरस्ता जाताना आणि येताना दोन्ही वेळा मोजावा लागतो. म्हणून जमिनीची जागा अशी निवडावी की जी या रस्त्याच्या जवळपास असेल.

दुसरा नियम असा की पाण्यावरून जे दिसत नाही ते जमिनीवर पाहावे. बोटीतून डोंगर खालून दिसतात आणि माणसे दुरून दिसतात. मग जमिनीवर पुन्हा पाण्याकाठीच बसण्यात काय हासील? या कसोटीवर आपल्यासमोर तीन वाटा आहेत.

पहिली वाट गुजरातेत केवडियाला जाते. तेथे ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्याचे उद्घाटन झाले. रस्ते चांगले, राहण्याची सोय भरपूर, आणि तेथेही पाण्यावर फिरण्याची सोय आहे. ज्यांच्यासोबत फार वयस्क माणसे आहेत त्यांना हे ठिकाण सोयीचे. परंतु ते धरणाच्या दुसऱ्या अंगाला आहे. धडगावहून तेथे जाणे म्हणजे डोंगर उतरून मोठा वळसा घालणे होय. ज्यांना केवडिया पाहायचे आहे त्यांनी तेथेच पाण्याचीही हौस भागवावी आणि भुषा दुसऱ्या वर्षासाठी ठेवावे. दोन्ही एका खेपेत बसवू नये.

दुसरी वाट तापीकाठची आहे. प्रकाशा आणि सारंगखेडा ही गावे शहादा परिसरात येतात. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घोड्यांच्या शौकिनांना आणि जीन, लगाम, खोगीर करणाऱ्या कारागिरांना हा बाजार पाहण्यासारखा आहे. परंतु तो ठरावीक दिवसांचा. बाकीच्या वेळी ही वाट अर्ध्या दिवसाची समजावी.

तिसरी वाट तोरणमाळची. शहाद्याहून म्हसावदमार्गे घाट चढून सुमारे ५०-५५ किलोमीटरवर हे पठार लागते. उंची सुमारे ११५० मीटर. वर यशवंत तलाव आहे, कमळांचा तलाव आहे, सीताखाईची खोल दरी आहे, खडकी पॉइंट आहे, आणि सातपायरी घाटाची वळणे वरून पाहताना गाडीतल्या माणसांच्या तोंडून आपसूक सुब्हानल्लाह निघते. नाथपंथीयांचे गोरखनाथाचे स्थान येथे असून महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत गर्दी असते, तेव्हा कुटुंब घेऊन शांतपणे पाहायचे असेल तर त्या तारखा टाळाव्यात. नर्मदेवर जे डोंगर खालून दिसतात तेच येथे पायाखाली येतात. थंडी, जंगल, दरी हे सारे पाण्यावरून मिळणारे नाही. शिवाय ज्यांना नदीच्या बोटीची भीती वाटते त्यांनी यशवंत तलावाच्या काठावर निवांत बसावे. म्हणून आमच्या मते नर्मदेच्या बोटीला तोरणमाळचीच जोड योग्य आहे.

या वाटेला व्यापाऱ्याच्या दृष्टीने आणखी एक मोल आहे. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार दर शंभरात सुमारे ६९ लोक आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा हे आपले गिऱ्हाईक. धडगावचा आठवडे बाजार आणि होळीआधी भरणारे भोंगऱ्या बाजार यांवर कित्येक कापडवाल्यांचा, मन्यारांचा, चांदीच्या कारागिरांचा वर्षाचा हिशेब अवलंबून असतो. तरीही ठोक दुकानात बसून माल पाठविणाऱ्या कित्येकांनी तो बाजार डोळ्यांनी पाहिलेला नसतो. कोणता रंग उचलला जातो, कोणते पन्हे परत येते, बाई कपडा हातात घेऊन काय पाहते, हे सुरतेच्या मार्केटमध्ये बसून कळत नाही. सफरीचा एक दिवस बाजाराच्या वाराशी जुळवावा. तेथून आमचूर घ्यावा, त्यासाठी धडगावचा परिसर प्रसिद्ध आहे. येताना नंदुरबारला मिरची घ्यावी, ती बाजारपेठ देशातील मोठ्या मिरची बाजारपेठांपैकी एक आहे. कुटुंबाची हवा पालटते आणि गिऱ्हाइकाची ओळखही होते.

आता आधी काय आणि नंतर काय. अलास्कात पुष्कळ लोक जमीन आधी आणि जहाज नंतर घेतात. जमिनीवर रोज पहाटे उठणे, सामान बांधणे, बस पकडणे असते. जहाजावर एकाच खोलीत आराम असतो, म्हणून थकवा आधी आणि विसावा नंतर. मात्र जहाज कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी बंदरात पोहोचणे शहाणपणाचे. आपल्याकडे उलटे आहे. नावाडी आपल्यासाठी थांबेल, परंतु वारा थांबणार नाही. वारा उठला तर समजूतदार नावाडी बोट काढत नाही, आणि त्याने काढू नये. म्हणून बोट शेवटच्या दिवशी ठेवू नये. पहिले दोन मुक्काम तोरणमाळला करावेत, तिसऱ्या दिवशी धडगावकडे यावे, चौथ्या दिवशी सकाळी बोट घ्यावी आणि पाचवा दिवस हातात राखावा. बोट चौथ्या दिवशी झाली तर पाचव्या दिवशी बाजार पाहून घरी. नाही झाली तर चौथा दिवस बाजाराला, पाचवा बोटीला. ज्यांच्याजवळ तीनच दिवस आहेत त्यांनी तोरणमाळ किंवा नर्मदा यांपैकी एकच घ्यावे.

हंगामाचेही असेच. पावसाळ्यात सीताखाईचा धबधबा जोरात असतो, परंतु घाटात दरडीची भीती आणि नदीला भरवसा नाही. उन्हाळ्यात धरणाचे पाणी उतरते आणि काठ चिखलाचा होतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ दोन्हींना चांगला. दिवाळीची विक्री आटोपली आणि लग्नसराईचा जोर अजून चढायचा आहे, अशा आठवड्यात दुकानालाही परवडते. तोरणमाळला रात्री थंडी कडक असते, तेव्हा मुलांना आणि बुजुर्गांना गरम कपडे घ्यावेत. राहण्याच्या जागा मोजक्या असल्याने आधी नक्की कराव्यात, रोख पैसे जवळ ठेवावेत आणि घाट उजेडात चढावा, उजेडात उतरावा.

बोटीबाबत मात्र आम्हाला कळकळीने सांगायचे आहे. १५ जानेवारी २०१९ रोजी मकरसंक्रांतीच्या दिवशी याच भुषा गावाजवळ नर्मदेत बोट उलटली आणि लहान मुलांसह काही जणांचा बुडून मृत्यू झाला. बोटीत माणसे फार होती. आपण व्यापारी आहोत, भाव पाडून घेणे आपल्या अंगात मुरलेले आहे. परंतु बोटीच्या भाड्यात घासाघीस करू नये. शंभर रुपये तोडले की नावाडी ते दोन माणसे जादा भरून वसूल करतो, आणि ती दोन माणसे आपल्याच मुलांच्या शेजारी बसतात. बोट ठरविताना भावाआधी तीन गोष्टी विचाराव्यात : माणसे किती घेणार, प्रत्येकाला अंगात घालायचे जॅकेट आहे का, आणि परत किती वाजता आणणार. जॅकेट लहान मुलाच्या मापाचे आहे का हेही पाहावे. एकाचेही उत्तर समाधानकारक नसेल तर काठावर बसून पाणी पाहावे आणि परत यावे. भाडे वाचले म्हणून कोणी खुश होऊ नये आणि भाडे दिलेले आहे म्हणून कोणी बसू नये.

दुसरी गोष्ट, काठावरच्या गावांतील लोकांना बोट हीच बस आहे. रेशन, बाजार, शाळा, दवाखाना यांसाठी ते बोटीने जातात. त्यांची येण्या-जाण्याची बोट जादा पैसे देऊन सफरीसाठी अडवू नये. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांची वाटही आपण बंद केली, असे होऊ नये.

दीनी बाबींची सोय सोपी आहे. धुळे, मालेगाव किंवा सुरतहून निघालेला माणूस एवढ्या अंतरावर मुसाफिर ठरतो, त्यामुळे कसर नमाजचा मसला निघण्याआधी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावा. बोट सकाळी घेतली की जुहरआधी काठावर येता येते. जुम्मा आला तर त्या दिवशी शहादा किंवा नंदुरबारला असावे. वर जबीहाची खात्री नसते, म्हणून गोश्ताचा आग्रह सोडून भाकरी, डाळ, भाजी यांवर दोन दिवस काढावेत. अलास्काला जाणाऱ्यांचा प्रश्न मोठा आहे. फेअरबँक्सला जूनमध्ये रात्रभर उजेड राहतो, त्यामुळे इशा आणि फजरचे वेळापत्रक तेथील मशिदीकडून आधीच मिळवावे.

शेवटी खर्चाचा ताळा. सफरीचा खर्च म्हणजे गाडी, मुक्काम, जेवण आणि बोट, एवढाच बहुतेक जण धरतात. दुकानाचा बुडालेला गल्ला धरत नाहीत. समजा दुकानाची रोजची निव्वळ कमाई २,००० रुपये आहे, तर पाच दिवसांचे १०,००० रुपये खर्चात मांडावेत. मग राखीव पाचवा दिवस जड वाटेल, पण तो तोडू नये. तो दिवस तोडणाऱ्यालाच वाऱ्यात बोट काढण्याची घाई होते. त्याऐवजी गाडी दोन कुटुंबांनी मिळून करावी, म्हणजे तो खर्च वाटला जातो.

जमिनीवर फिरून पाहण्याची ताकीद कुरआन शरीफमध्ये एकाहून अधिक ठिकाणी आलेली आहे. आपल्या मुलखाचे उत्तर टोक आपण पाहावे, तिथल्या माणसांना ओळखावे, आणि घरची सगळी माणसे सुखरूप परत आणावीत. अशा सफरीत बरकत आहे.