कलाकृतीचे स्वामित्व आणि कलावंताची प्रतिष्ठा

व्यापारी इमारतीच्या मालकाने एखादे शिल्प पूर्ण मोल देऊन विकत घेतले आणि आपल्या दालनात बसविले, म्हणजे त्याचे वाटेल ते करण्यास तो मोकळा होतो काय? सामान्य व्यवहार 'होय' असेच उत्तर देईल. कायदा मात्र वस्तूवरील स्वामित्व आणि कर्त्याचा नैतिक अधिकार यांत भेद करतो. पहिले पैशाने हस्तांतरित होते. दुसरा कर्त्याच्या प्रतिष्ठेशी निगडित असल्यामुळे वस्तूबरोबर जात नाही.

टोरांटो येथील ईटन सेंटर या व्यापारी संकुलात १९७९ मध्ये मायकेल स्नो यांचे ६० उडत्या हंसांचे शिल्प टांगण्यात आले. पुढे नाताळच्या सजावटीसाठी व्यवस्थापकांनी हंसांच्या गळ्यात फिती बांधल्या. आपली रचना हास्यास्पद झाली, अशी स्नो यांची तक्रार होती. १९८२ मध्ये न्यायालयाने ती मान्य करून फिती काढावयास लावल्या. प्रतिष्ठेस बाध आला की नाही हे ठरविताना कर्त्याचे मत, ते सयुक्तिक असल्यास, विचारात घेतले पाहिजे, हे तत्त्व या निकालाने स्थापित झाले.

भारतात हा अधिकार १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या ५७ व्या कलमात आहे. कॉपीराइट दुसऱ्यास दिल्यानंतरही तो कर्त्याकडे राहतो. तथापि केवळ कलाकृती प्रदर्शित न करणे हा त्याचा भंग नव्हे, असे १९९४ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले.

खरी अडचण संपूर्ण नाशाच्या बाबतीत उद्भवते. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सेहगल यांचे कांस्य भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये उतरविले व त्याची हानी झाली. नाश हे विकृतीचेच आत्यंतिक रूप होय, असे मानून दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अवशेष परत करण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. याउलट प्रगती मैदानावरील 'हॉल ऑफ नेशन्स' २०१७ मध्ये पाडल्याबद्दल वास्तुशिल्पी राज रेवाल यांनी केलेला दावा त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळला. जे दिसतच नाही त्याने कर्त्याच्या कीर्तीस उणेपणा येत नाही, आणि जमिनीच्या मालकास वास्तू पाडण्यापासून रोखता येत नाही, अशी त्यामागील भूमिका होती.

भिंतीत बसविलेली कलाकृती या दोन निकालांच्या मध्ये उभी आहे. ती शिल्पही आहे आणि वास्तूचा अंशही. म्हणून इमारत पाडण्यापूर्वी कलावंतास सूचना देणे व कलाकृती काढून नेण्याची संधी देणे, ही अट मूळ करारातच असणे उभयपक्षी हिताचे ठरते.