सेलूहून मुंबईला जाताय? शहराची बससेवा चालवणाऱ्या बेस्टचे संग्रहालय पाहाच!

कुठे : मुंबईत शीव-वडाळा परिसरातील आणिक आगार. देवगिरी एक्स्प्रेसने दादरला उतरून लोकलने शीव गाठता येते. निघण्यापूर्वी भेटीच्या वेळा विचारून घ्याव्यात.

काय पाहाल : ट्राम आणि बसच्या प्रतिकृती, दुर्मिळ छायाचित्रे, जुनी तिकिटे आणि तिकीट यंत्रे.

महत्त्वाचे टप्पे
- 1874 : 9 मे रोजी घोड्यांची ट्राम सुरू.
- 1907 : विजेवरची ट्राम आली.
- 1926 : 15 जुलैला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस धावली.
- 1937 : दुमजली बस रस्त्यावर.
- 1947 : सेवा मुंबई महापालिकेच्या ताब्यात.
- 1964 : 31 मार्चच्या रात्री बोरीबंदर ते दादर ट्रामची अखेरची फेरी.
- 2023 : डिझेलवरच्या दुमजली बस निवृत्त, त्यांच्या जागी विजेवरच्या वातानुकूलित बस.

आपल्या भागाचा धागा : मुंबईत पहिली बस धावली तेव्हा मराठवाड्यातले सेलू हैदराबाद संस्थानात होते. निजामाच्या रेल्वेने 1932 मध्ये 27 बसगाड्यांनिशी संस्थानात सरकारी बससेवा सुरू केली. तिकडे मुंबई राज्यात 1 जून 1948 रोजी एसटीची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. म्हणजे मराठवाड्याच्या सार्वजनिक वाहतुकीचा इतिहास एसटीच्याही आधीचा आहे.

मुलांसोबत जाताना : घरातल्या वडीलधाऱ्यांना न्याच. जुनी तिकिटे पाहताना त्यांच्या प्रवासाच्या आठवणी निघतील. त्या लिहून ठेवा. गावाच्या वाहतुकीचा इतिहास अशा नोंदींतूनच उभा राहतो.