पाळणाघर सुरू करताना: मुले किती, त्याआधी हात किती

बाळंतपणाची रजा संपत आली की घरात एकच प्रश्न घोळू लागतो: बाळाला कोण पाहणार? मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची भरपगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर नेली. तरीही ती संपते तेव्हा बाळ जेमतेम सहा महिन्यांचे असते. आई वेर्ण्याच्या कारखान्यात किंवा पणजीच्या कार्यालयात, आजी सत्तरी वा पेडण्याच्या गावी आणि संसार पर्वरी किंवा म्हापशाच्या दोन खोल्यांत, असे चित्र गोव्यात आता सर्रास दिसते. त्यातच राज्यातील बहुतेक शाळा दुपारी एक-दीडच्या सुमारास सुटतात आणि पालक सायंकाळी परततात. त्यामुळे तान्ह्या बाळांइतकीच पहिली-दुसरीतल्या मुलांनाही या मधल्या वेळेसाठी आसरा हवा असतो.

या गरजेतूनच वाड्यावाड्यांवर घरगुती पाळणाघरे उभी राहतात. आरंभ बहुधा सद्भावनेने होतो. शेजारणीचे एक मूल, तिच्या मैत्रिणीचे दुसरे, मग कोणी आर्जव केले म्हणून तिसरे. वर्षभरात दोनाची दहा मुले होतात. सांभाळणारी मात्र एकटीच असते. मुलांची सुरक्षितता आणि व्यवसायाचा जमाखर्च, दोन्ही बिघडतात ते याच टप्प्यावर. म्हणून पाळणाघराचा आराखडा मांडताना पहिला आकडा मुलांचा नसावा, सांभाळणाऱ्या हातांचा असावा.

हातांचा हिशेब

केंद्रीय महिला व बाल विकास मंत्रालयाने 2018 साली पाळणाघरांसाठी किमान निकषांची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक कार्यकर्ती, तीन वर्षांवरील वीस मुलांमागे एक आणि सोबत मदतनीस, असे प्रमाण त्यात सुचविले आहे. मात्र हे किमान प्रमाण आहे, आदर्श नव्हे. चालता न येणारे बाळ सांभाळणाऱ्या घरगुती पाळणाघराने एक साधी कसोटी लावावी: स्वयंपाकघरात आग लागली, तर घरातील मोठ्या माणसांना सर्व मुलांना घेऊन एकाच खेपेत बाहेर पडता येईल काय? एका व्यक्तीला दोन तान्ही मुले कडेवर घेता येतात. तिसऱ्यासाठी हात उरत नाही. म्हणून एक वर्षाखालील मुलांची संख्या आरंभीच निश्चित करावी आणि ती ओलांडू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे, पाळणाघरात कोणत्याही क्षणी एकटी व्यक्ती नसावी. एकीला न्हाणीघरात जावे लागते, एखादे मूल तापते, दारावर कोणी येते. अशा वेळी दुसरी व्यक्ती मुलांजवळ हवीच. मदतनीस ठेवताना तिची पोलीस पडताळणी करून घ्यावी आणि आधीच्या कामाच्या ठिकाणी प्रत्यक्ष चौकशी करावी. पोक्सो कायदा, 2012 आणि गोवा बाल कायदा, 2003 यांची ओळख मालकिणीसह प्रत्येकीला असणे आवश्यक आहे. मुलाशी गैरवर्तन झाल्याचा संशय आल्यास तो दडवता येत नाही. पोलिसांना कळवावेच लागते.

जागा

उपर्युक्त मार्गदर्शिकेनुसार प्रत्येक मुलामागे किमान 10 ते 12 चौरस फूट जागा हवी. जागा मोजताना कपाटे, पलंग आणि स्वयंपाकघर वगळून मुलांना प्रत्यक्ष मोकळी मिळणारी फरशीच धरावी. झोपण्याची जागा हवेशीर असावी. तान्ह्या बाळाला पाठीवर निजवावे; त्याच्या भोवती उशा, मऊ खेळणी किंवा जाड पांघरुणे ठेवू नयेत.

गोमंतकीय घरांत काही धोके ठरलेले असतात. अंगणातील विहिरीवर भक्कम जाळी हवी. न्हाणीघरात भरलेली बादली ठेवू नये, कारण रांगते मूल अगदी थोड्या पाण्यातही बुडू शकते. पावसाळ्यात अंगणातील शेवाळ वेळोवेळी घासून काढावे आणि साचलेले पाणी उपसावे, म्हणजे घसरण्याचा आणि डासांचा असा दोन्ही उपद्रव टळतो. वीज गेल्यावर चालणारा दिवा हाताशी असावा. शेंगदाणे, अख्खी द्राक्षे, नाणी आणि बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या लहान मुलांच्या हाती लागता कामा नयेत. 112, 108 आणि बालकांसाठीचा 1098 हे क्रमांक भिंतीवर ठळकपणे लिहिलेले असावेत.

परवाने आणि कागदपत्रे

पहिली फेरी पणजीच्या महिला व बाल विकास संचालनालयात मारावी आणि आपल्या पाळणाघराला कोणते नियम लागू होतात ते लेखी विचारून घ्यावे. त्यानंतर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडे व्यवसायाच्या परवान्यासाठी अर्ज करावा. जागा भाड्याची असल्यास घरमालकाची आणि सदनिका असल्यास गृहनिर्माण संस्थेची लेखी संमती आधी घ्यावी. ही संमती नसेल, तर एका शेजाऱ्याच्या तक्रारीवरूनही काम बंद पडू शकते. मुलांना घरचे अन्न शिजवून देणार असल्यास अन्न सुरक्षा नोंदणीची चौकशी करावी. केंद्र सरकारची उद्यम नोंदणी ऑनलाइन व विनाशुल्क होते आणि बँकेकडे कर्ज मागताना ती उपयोगी पडते. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात 50 हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळते. गाद्या, पाळणे, जाळ्या आणि प्रथमोपचार पेटी यांसाठी ते पुरेसे ठरू शकते. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची आवश्यकता नसते. बहुतेक घरगुती पाळणाघरे या मर्यादेतच असतात.

2017 च्या त्याच दुरुस्तीने 50 किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन घातले. परिसरात असा कारखाना, रुग्णालय किंवा हॉटेल असल्यास त्यांच्याशी थेट बोलणी करावीत. करार झाला, तर वर्षभराची काही मुले निश्चित होतात.

शुल्क कसे ठरवावे

बहुसंख्य पाळणाघरे येथेच चुकतात. शेजारचे पाळणाघर किती घेते, हे पाहून आकडा ठरवला जातो. त्याऐवजी खर्चापासून आरंभ करावा. उदाहरणादाखल बारा मुलांचे एक पाळणाघर घेऊ. पूर्णवेळ मदतनिसाचे वेतन 15,000 रुपये, अर्धवेळ मदतनिसाचे 7,500, भाडे 10,000, प्रत्येक मुलामागे दिवसाला 30 रुपये याप्रमाणे 26 दिवसांचे खाणे 9,360, वीज-पाणी-स्वच्छता 3,500, खेळणी व दुरुस्ती 2,000 आणि अडीअडचणीसाठी 2,000. एकूण 49,360 रुपये. बाराने भागल्यास प्रत्येक मुलामागे सुमारे 4,113 रुपये येतात. महिन्याला 4,200 रुपये घेतले, तर पाळणाघर चालते असे वाटू लागते.

परंतु या हिशेबात सकाळी आठ ते सायंकाळी सहा राबणाऱ्या मालकिणीला जवळजवळ काहीच मिळत नाही. तिच्या श्रमाचे 18,000 रुपये धरले, तर खर्च 67,360 रुपये होतो आणि प्रत्येक मुलामागचा वाटा 5,613 रुपयांवर जातो. शिवाय बाराही जागा वर्षभर भरलेल्या नसतात. मे महिन्यात मुले आजोळी जातात, कोणाची बदली होते. सरासरी नऊ मुले धरल्यास खाण्याचा खर्च थोडा घटतो. तरी वाटा सुमारे 7,224 रुपये होतो. हे आकडे गावागणिक बदलतील, रीत मात्र तीच राहील. जागा स्वतःची असली तरी भाडे धरावे, स्वतःचे वेतन पहिल्या महिन्यापासून मांडावे, मदतनिसाला राज्याच्या किमान वेतनापेक्षा कमी देऊ नये आणि भागाकार पूर्ण संख्येने न करता सरासरीने करावा. तान्ह्या बाळाला अधिक हात लागतात, म्हणून त्याचे शुल्क अधिक असणे रास्तच आहे. शाळेनंतर येणाऱ्या मुलांसाठी वेगळा, कमी दर ठेवता येतो.

रोजचा दिवस

प्रवेशाच्या वेळी लेखी करार करावा. मुलाला कोण नेऊ शकेल त्यांची नावे व छायाचित्रे, मुलाला न सोसणारे पदार्थ, लसीकरणाची प्रत, डॉक्टरांचा क्रमांक, उशीर झाल्यास द्यावयाची रक्कम आणि मूल काढून घेण्यापूर्वी एक महिन्याची सूचना, हे सारे त्यात असावे. ताप, उलट्या किंवा अंगावर पुरळ असलेल्या मुलाला त्या दिवशी घेऊ नये. पालकांच्या लेखी संमतीवाचून कोणतेही औषध देऊ नये. मूल कधी जेवले, किती झोपले, कुठे खरचटले, हे त्याच दिवशी वहीत नोंदवून पालकांना दाखवावे. गुडघ्यावरचा ओरखडा आधी आपण सांगितला, तर पालकांचा विश्वास वाढतो. घरी गेल्यावर त्यांना दिसला, तर तो ढळतो.

खेळण्यांवर फार खर्च करण्याचे कारण नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या परिसरात बालशिक्षणाचे जे काम उभारले, त्यात भोवतालच्या साध्या वस्तूंतूनच शिक्षणाची साधने घडली. करवंट्या, मोठे शिंपले, पाने आणि कापडाचे तुकडे आजही पुरेसे आहेत. चिंचोके व बिया मात्र तीन वर्षांवरील मुलांनाच, आणि त्याही नजरेखाली द्याव्यात.

पाळणाघर नावारूपाला आले की एक प्रसंग हमखास येतो. सारी मुले भरलेली असतात आणि ओळखीची एक आई सहा महिन्यांचे बाळ घेऊन दारात उभी राहते. सोमवारी तिला कामावर रुजू व्हायचे असते. पाय पसरायला जागा असते, तिची अडचण खरी असते आणि नाही म्हणणे जिवावर येते. अशा वेळी तिचे नाव प्रतीक्षायादीत घालावे, परिसरातील दुसऱ्या पाळणाघराचा पत्ता द्यावा आणि एक मदतनीस वाढवणे परवडते काय, याचा हिशेब त्याच रात्री मांडावा. तो जुळला तर तिला बोलावून घ्यावे. जुळला नाही तर आधीच्या मुलांच्या पालकांना दिलेला शब्द पाळावा. कारण त्यांनी आपले मूल ठेवले आहे ते हातांच्या त्या संख्येवर विसंबूनच.